आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी गोदावरी: नागपूरहून आंभोरा ते कोरिंगा, पायी पायी

गेल्या जानेवारीत आईला आणि भाचीला घेऊन गोदावरीच्या मुखाशी, आंध्रातल्या काकिनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीत जाऊन आलो. आईचं वय एकाहत्तर, उजवा गुडघा गेलेला, डॉक्टरांनी जिने बंद केलेले. भाची आठवीत, म्हणजे दहा मिनिटांत बोअर होणारं वय. चढ नको, जिप्सीत सहा तास हाडं खिळखिळी करणं नको, पण चालायला मात्र मिळालं पाहिजे अशी अट. आल्यापासून ऑफिसात अन् कॉलनीत जो तो विचारून राहिला की कसे गेले, कुठं राहिले, बोट मिळते का, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. जिथं चुकलो तेही लिहितो, ते जास्त कामाचं आहे.

आता गोदावरीच काऊन? तर नाग नदी, जिला आपण सगळे नालाच म्हणतो, ती लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात शिरते, पंचशील चौक, अशोक चौक, पारडी करत पुढं कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. वैनगंगा गडचिरोलीत चपराळ्याजवळ वर्धेला भेटली की तिचं नाव प्राणहिता, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत. म्हणजे आमच्या सक्करदऱ्याच्या मोरीतून गेलेलं पाणी, गोसेखुर्दच्या धरणात अडकत नाही तेवढं, शेवटी काकिनाड्याच्या खाडीत. हे भाचीला गाडीत बसल्यावर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपण आपलंच भांडी घासलेलं पाणी बघायला जाऊन राहिलो?" हो, तसंच समजा.

१. आधी आंभोऱ्याला जाऊन या

हे टाळू नका. घरचं माणूस सपाटीवर किती चालतं, किती वेळानं बसायला मागतं, हे आपल्याला वाटतं माहीत आहे पण माहीत नसतं. आंभोरा कुही तालुक्यात, नागपूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. चैतन्येश्वराचं देऊळ आहे, पाच नद्यांचा संगम म्हणतात, आणि २०२४ मध्ये सुरू झालेला तो केबलवाला मोठा पूल आहे. पुलावर गर्दी सेल्फीवाल्यांची, तिकडं फार वेळ घालवू नका, खाली पाण्याच्या कडेनं चाला. आई इथं सलग चाळीस मिनिटं चालली आणि मग म्हणाली आता चहा. आमचा पुढचा सगळा प्लॅन या चाळीस मिनिटांवर बेतला.

आंभोरा दूर वाटत असेल तर अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आहेच. फक्त डांबरी वॉकिंग ट्रॅकवरची प्रॅक्टिस धरू नका, मातीवर चालून बघा.

२. महिना कोणता

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. बस.

आपण नागपूरवाले दसरा-दिवाळीला पाऊस संपला असं धरून चालतो. तिकडं उलटं आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा सीझन. १८३९ च्या नोव्हेंबरातल्या वादळानं कोरिंगाचं भरभराटीचं बंदर उद्ध्वस्त केलं, आज तिथं जे आहे ते छोटं गाव. दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट काढलं असेल तर हवामान खात्याचा अंदाज रोज बघा आणि कॅन्सल करायची तयारी ठेवा. जुलै ते सप्टेंबर गोदावरीला पूर. मार्चनंतर घाम. आणि आपला उन्हाळा सहन करणाऱ्या माणसाला तो घाम काय करणार असं समजू नका, आपलं ऊन कोरडं असते, तिथं हवेतच इतकं पाणी की कूलर लावला तर खोलीचं स्वयंपाकघर होते.

एक आणखी, २०२७ मध्ये गोदावरी पुष्कर आहे, म्हणजे नदीतल्या स्नानाचा मोठा मेळा, बारा वर्षांनी येतो, मागचा २०१५ ला झाला. त्या बारा दिवसांत राजमहेंद्रीच्या घाटांवर चालायला जागा मिळणार नाही. तारखा बघूनच ठरवा.

३. भरती-ओहोटी शिकून घ्या (ही पायरी सगळ्यात महत्त्वाची)

समुद्र आपल्यापासून इतका दूर की आपल्याला हे भान नसतेच. तलाव सकाळी जिथं असतो तिथंच संध्याकाळी. खाडीचं पाणी तसं नाही, साधारण सहा तास चढते, सहा तास उतरते, दिवसातून दोनदा, आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ पाऊण-एक तास पुढं सरकते. म्हणजे आज सकाळी दहाला भरती असेल तर उद्या अकराच्या आत-बाहेर. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, कोकणात त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला फरक कमी. म्हणजे घरी कालनिर्णय असेल तर निम्मं काम तिथंच झालं.

आता माझी चूक. मी मोबाईलवर वेळा बघितल्या, स्क्रीनशॉट काढला, आईला ऐटीत सांगितलं की साडेदहाला बोटीत बसू. कोरिंगाला पोहोचलो तर खाडीत बोटी चिखलावर आडव्या पडलेल्या. तिकिटवाल्याला विचारलं तर तो हसला आणि नुसता पाण्याकडं हात केला. ॲपमध्ये वर मुंबई लिहिलं होतं, ते मी बघितलंच नाही. मुंबईच्या वेळा काकिनाड्याला चालत नाहीत, समुद्रच वेगळा. तेव्हा ठिकाण काकिनाडा टाकलं आहे ना हे दोनदा तपासा.

तेलुगूत भरतीला पोटु, ओहोटीला आटु. हे दोन शब्द आले की गेटवर कोणीही वेळ सांगते.

४. गाडी आणि मुक्काम

नागपूरहून बल्लारशा, वरंगल, विजयवाडा करत विशाखापट्टणमला जाणाऱ्या गाड्या राजमहेंद्री आणि सामलकोटला थांबतात, आंध्र प्रदेश एक्सप्रेस त्यातली एक. थेट गाडीचं तिकीट नाही मिळालं तर विजयवाड्यापर्यंत चेन्नई-केरळ साईडच्या भरपूर गाड्या आहेत, तिथून बदलायचं. उतरायची वेळ मात्र नीट बघा, काही गाड्या रात्री एक-दोनला उतरवतात, म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या वेळी ऑटो शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

नावांचा घोळ समजून घ्या:

- रेल्वेत राजमुंद्री, मॅपवर राजमहेंद्रवरम, आपल्या लोकांच्या तोंडी राजमहेंद्री. तिन्ही एकच.
- काकिनाड्याला दोन स्टेशनं, टाऊन आणि पोर्ट. हॉटेलं टाऊनजवळ. मेन लाईनवरचं स्टेशन मात्र सामलकोट, तिथून काकिनाडा पंधराएक किलोमीटर.
- २०२२ मध्ये आंध्रात जिल्हे बदलले. जुन्या माहितीत सगळं पूर्व गोदावरी जिल्ह्यात दाखवतात, आता कोरिंगा काकिनाडा जिल्ह्यात येते.

आम्ही दोन रात्री राजमहेंद्री, दोन रात्री काकिनाडा केलं. एकाच गावी राहून सगळं करता येते, दोन्हीत पासष्टएक किलोमीटरचंच अंतर आहे, पण मग रोज गाडीत बसणं जास्त आणि चालणं कमी होते. हॉटेल बुक करताना लिफ्ट आहे का हे फोन करून विचारा, फोटोवर जाऊ नका. आमच्या पहिल्या हॉटेलात लिफ्ट होती, "रिपेअरिंगला" होती, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. अर्धा तास रिसेप्शनवर बसून तळमजल्याची खोली घेतली, तिच्या खिडकीबाहेर जनरेटर.

५. कागदपत्रं आणि सामान

- सगळ्यांचं आधार, ओरिजिनल. हॉटेलात लहान मुलांचंही मागतात.
- सीनियर सिटीझनची औषधं, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स.
- शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटा. यूपीआय सगळीकडं चालते पण अभयारण्याच्या फाटकावर रेंज गेली की सगळे एकमेकांकडं बघतात.
- मागं पट्टा असलेले, तळवा खडबडीत असलेले बूट. चपला नको. नवे बूट तर अजिबात नको.
- गुडघेवाल्यांसाठी काठी आणि एक घडीचं स्टूल. हे स्टूल मी बर्डीवरून घेतलं होतं, भाची हसली होती, नंतर त्याच्यावर तीच जास्त बसली.
- ओडोमॉस, टोपी, प्रत्येकी एक लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं.
- दुर्बीण असेल तर बेस्ट. मोठा कॅमेरा नेला तर त्याचं वेगळं शुल्क लागू शकते, गेटवरच्या बोर्डावर वाचा. तिकिटाचे दर मी लिहित नाही, ते बदलत राहतात.

६. पहिली चाल: राजमहेंद्रीचे घाट

पुष्कर घाटावरून सुरुवात करा आणि काठानं गौतमी घाटाकडं जा, इस्कॉनचं मंदिर आहे तिकडं. सपाट, बसायला जागा भरपूर, मध्ये मध्ये चहा. नदी इथं इतकी रुंद आहे की आईनं पहिल्यांदा बघितल्यावर विचारलं, हे धरण आहे का. पुष्कर घाटाजवळून जुना हॅवलॉक पूल दिसतो, १९०० सालचा, १९९७ पासून रेल्वेसाठी बंद. पुष्कर घाटावर संध्याकाळी गोदावरीची आरती होते, तिकडं हारती म्हणतात. आरतीच्या वेळी घाटाच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, म्हातारी माणसं वरच्या पायरीवरच बसवा, वरून दिसतेही चांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलेश्वरम. शहरातून आठ-दहा किलोमीटर. इथून डेल्टा सुरू होतो, म्हणजे नदी फुटते, पूर्वेकडं गौतमी, पश्चिमेकडं वसिष्ठा, आणि खाली वसिष्ठेतून वैनतेया निघते. यांच्या मधला तो हिरवागार पट्टा म्हणजे कोनसीमा. आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४७ ते १८५२ मध्ये इथं बंधारा बांधला आणि कालवे काढले, लोक अजून त्याचे पुतळे उभारतात, हार घालतात. इंग्रजाला हार घालणारी गावं मी तरी दुसरीकडं बघितली नाही. छोटं म्युझियम आहे, अर्धा तास पुरतो. आताचा बॅरेज नंतर नवा बांधलेला.

सापळा इथं एकच: बॅरेजवरून चालत पलीकडं जाऊ असं वाटते, फोटोत मस्त दिसते. वरून बसेस, ट्रॅक्टर सगळं जाते. आम्ही शंभर पावलं गेलो आणि परत फिरलो. त्यापेक्षा खाली म्युझियमच्या बाजूनं कालव्याच्या काठानं चाला.

कालव्याचे बांध हे या भागातलं माझ्या मते सगळ्यात सोपं चालणं आहे आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही. कोनसीमेत कुठंही उतरा, एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला नारळ आणि भात, सावली अखंड. तिकीट नाही, गेट नाही. फक्त उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवे बंद करतात तेव्हा पाणी नसते, आणि बांध म्हणजे गावातला चालू रस्ता आहे, मोटारसायकली येतात, एका बाजूनं चाला.

७. दुसरी चाल: कोरिंगा

यासाठीच आलो होतो. काकिनाड्याहून यानमच्या रस्त्यावर अठराएक किलोमीटर, चोल्लंगी गावाच्या पुढं. बसही जाते, ऑटोही मिळतो. ऑटो केला तर जाऊन-येऊन ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या. आम्ही अर्धे आधी दिले, तो पुन्हा दिसलाच नाही.

अभयारण्य १९७८ पासूनचं, २३५ चौरस किलोमीटरचं, पण तुम्हाला चालायला त्यातला जो तुकडा आहे तो म्हणजे खारफुटीतून काढलेला लाकडी फळ्यांचा मार्ग. बाजूला कठडा, एक चढ नाही. निवांत बघत गेलं तर तासभर. मध्ये मनोरा आहे, त्याला जिने, आई खाली स्टुलावर. स्थानिक लोक या जंगलाला मडा अडवुलु म्हणतात.

बोट हुकल्यामुळे आमच्याकडं वेळच वेळ होता, म्हणून त्या फळ्यांवर बसूनच राहिलो. ओहोटी होती म्हणून चिखल उघडा पडलेला, आणि चिखलातून वर हजारो काड्या, कोणीतरी उदबत्त्या खोचून ठेवल्यासारख्या. ती तिवराची मुळं. चिखलात हवा नाही म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. आईला वाटलं कोणी रोपं लावली. मग भाचीनं दाखवलं की चिखल हलून राहिला. बोटभर लांबीचा मासा, डोळे डोक्यावर बेडकासारखे, पुढच्या परांवर रेटत रेटत वर आला, थांबला, एक डोळा आत ओढून पुन्हा बाहेर काढला, आणि दुसरा त्याच्या जवळ आला तशी पाठीवरची शिडासारखी झालर ताड्कन उभी केली. निवटी म्हणतात त्याला, पाण्याबाहेर चालणारा मासा. पोट्टीनं मोबाईल खिशात ठेवला आणि पाऊण तास तिथून हलली नाही. बोट मिळाली असती तर हे बघितलंच नसतं, कारण भरतीत तो चिखल पाण्याखाली असतो.

म्हणून माझा हिशेब असा: भरती पूर्ण चढून उतरायला लागली की पोहोचा. आधी बोट, पाणी आहे तोवर. मग फळ्यांवरून चाला, तोपर्यंत चिखल उघडा पडतो. अमावस्येला जाऊ नका, त्यातही पौष अमावस्येला चोल्लंगीला मोठी जत्रा असते, रस्ताच बंद झाल्यासारखा. फाटक पहाटे उघडत नाही, उगाच पाचचा गजर लावू नका.

इथले धोके लिहून ठेवा:

- फळ्या ओल्या असल्या की घसरतात. मधूनमधून एखादी हललेली असते. खाली बघत चाला, पक्षी थांबून बघा.
- पानं तोडू नका. अभयारण्य आहे म्हणून तर नाहीच, पण इथं गेवा नावाचं झाड आहे, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो की काय अशी आग होते. तिवराच्या पानाच्या मागं मात्र मिठाचे कण दिसतात, झाड खारं पाणी पिऊन मीठ बाहेर टाकते. तेवढं वाकून बघा.
- फळ्यांवरून खाली उतरू नका. चिखल मांडीपर्यंत घेतो. आमच्या समोर एका माणसाचा बूट गेला, तो काढायला वाकला तर गॉगल गेला.
- लाईफ जॅकेट नसेल तर बोटीत बसू नका, कितीही "कुछ नहीं होता साब" म्हटलं तरी.
- खायचं पिशवीतून बाहेर काढू नका, माकडं आहेत.

प्राण्यांबद्दल अपेक्षा कमी ठेवा. इथं मासेमार मांजर राहते, म्हणजे खरंखुरं रानमांजर जे पाण्यात हात घालून मासे पकडते, पण ते रात्रीचं. आणि पाणमांजर म्हणजे ते नव्हे, पाणमांजर म्हणजे उद, तोही इथं आहे. भाचीला हे तीन वेळा समजावलं, शेवटी ती म्हणाली मराठीतच गडबड आहे. दिसायला काय दिसते, तर ब्राह्मणी घारी, बगळे, खंड्या, मुग्धबलाक नावाचा करकोचा. तेवढं बस झालं.

होप आयलंडबद्दल सगळे विचारतात. ती गोदावरीच्या गाळानं बनलेली लांबच लांब वाळूची पट्टी आहे, काकिनाडा बंदराला लाटांपासून आडोसा देते, ऑलिव्ह रिडले कासवं तिथं अंडी घालतात. उघड्या पाण्यातून बोटीनं जावं लागते, ते सोप्या चालण्यात बसत नाही, म्हणून आम्ही गेलो नाही.

८. तिसरी चाल: यानम

कोरिंगाहून पुढं दहा-बारा किलोमीटर. आंध्राच्या मधोमध पुदुच्चेरीचा तुकडा, १९५४ पर्यंत फ्रेंचांकडं होता. बहुतेक लोक तिथं कशाला जातात हे सांगायला नको, दुकानांच्या पाट्याच बोलतात. बाटली घेऊन आंध्रात परत येऊ नका, तपासणी होते. आपलं काम गौतमीच्या काठाचं, फरसबंद, रुंद, संध्याकाळचं वारं, समोरचा काठ धूसर. आई इथं सगळ्यात जास्त चालली, न थांबता पन्नास मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, तिला सांगितलं नाही.

९. खाणं, आणि परत येताना

जेवण भाताचं, तिखट, केळीच्या पानावर. सावजी खाणाऱ्याला काही होत नाही, पण गोंगुऱ्याची चटणी पहिल्या घासाला बेतानं घ्या, आंबट आहे, आपली अंबाडीच ती. सकाळी पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा. मासे खाणाऱ्यांसाठी सूचना: पुलसा नावाचा मासा तिकडं फार नावाजलेला आणि फार महाग, पण तो पुराच्या दिवसांत समुद्रातून नदीत चढतो तेव्हाचा. जानेवारीत कोणी ताजा पुलसा म्हणून वाढला तर तो पुलसा नाही.

घरी आणायला काकिनाड्याचा काजा आणि आत्रेयपुरमचे पूतरेकुलु. काजा आठवडाभर टिकतो. पूतरेकुलु म्हणजे तांदळाच्या कागदासारख्या पापुद्र्यात गूळ-तूप, हात लागला की चुरा. बॅगेत सगळ्यात वर ठेवा, आणि गाडीत बर्थवर कोणाला त्या बॅगेवर डोकं ठेवू देऊ नका. आमच्या बॅगेवर आई झोपली.